पासंड ते पाखंड : एका शब्दाची घसरण आणि सार्वजनिक जीवनातील धर्म

भीमा नदी मराठी माणसाला परकी नाही. भीमाशंकरापाशी ती उगम पावते, पंढरपुरात चंद्रभागा होते आणि महाराष्ट्राची हद्द ओलांडून गाणगापूरच्या दत्तभक्तांना तीर्थ देते. तिच्याच काठाने आणखी खाली गेले की कलबुर्गी जिल्ह्यात सन्नती हे गाव लागते. तेथील चंद्रलांबा ही सीमेच्या दोन्ही बाजूंच्या अनेक मराठी आणि कानडी घराण्यांची कुलस्वामिनी. तिच्या दर्शनाला जाणाऱ्यांना कोणत्या भाषेत नवस बोलायचा हे कोणी कधी विचारले नाही. या देवस्थानाच्या आवारातील कालीमंदिराचे छत १९८० च्या दशकात कोसळले आणि मूर्ती भंगली. मूर्तीखालचा दगड उघडा पडला तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांवर ब्राह्मी अक्षरे कोरलेली दिसली. तो सम्राट अशोकाचा शिलालेख होता. मूर्ती बसवण्यासाठी दगडाच्या मध्यभागी चौकोनी खाच पाडली होती आणि त्या खाचेबरोबर काही ओळी कायमच्या गेल्या होत्या.

ही खाच पाडणाऱ्याचा हेतू दुष्ट होता, असे म्हणण्यास आधार नाही. सपाट, घडीव आणि मजबूत दगड हाताशी होता, तो वापरला गेला. अक्षरे वाचणारे तोपर्यंत उरलेच नव्हते. मात्र त्या दगडावर जे लेख आहेत त्यांत अशोकाचा बारावा लेख आहे, ही गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. चौदा प्रमुख लेखांपैकी बारावा आणि चौदावा, तसेच पूर्वी केवळ कलिंगातील धौली व जौगड येथेच ठाऊक असलेले दोन स्वतंत्र लेख, असा हा सन्नतीचा ठेवा आहे. दुसऱ्याच्या पंथाला मान कसा द्यावा हे सांगणारा राजलेख एका देवतेच्या पायाखाली, कोणाला नकळत, शतकानुशतके पडून होता. आजच्या लेखात आम्ही त्या बाराव्या लेखातील एका शब्दाचा मागोवा घेणार आहोत. शब्दांचा इतिहास हा पुष्कळदा समाजाच्या मनाचाच इतिहास असतो.

तो शब्द म्हणजे ‘पासंड’. अशोकाच्या लेखांत तो पंथ, संप्रदाय, मतसमूह या अर्थाने येतो आणि त्यात निंदेचा लवलेशही नाही. ब्राह्मण, बौद्ध संघ, आजीविक, निर्ग्रंथ म्हणजे जैन, हे सारे त्याच्या दृष्टीने पासंड. स्वतः राजाचा पंथही पासंडच. बाराव्या लेखाचा आशय असा : राजा सर्व पासंडांचा, त्यांतील प्रव्रजितांचा आणि गृहस्थांचा, दानाने व नाना प्रकारच्या सन्मानाने आदर करतो. परंतु दान आणि सन्मान यांपेक्षा सर्व पासंडांच्या साराची वाढ व्हावी, हे त्याला अधिक मोलाचे वाटते. या सारवृद्धीचे मूळ त्याने एका शब्दात सांगितले आहे : ‘वचगुति’, म्हणजे वाचेचा संयम. कारण नसताना आपल्या पंथाची स्तुती करू नये, दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये. प्रसंग आलाच तर बोलणे सौम्य असावे. आपल्या पंथावरील भक्तीने आंधळा होऊन जो दुसऱ्याला खाली लेखतो, तो प्रत्यक्षात आपल्याच पंथाची अधिक हानी करतो. म्हणून समवाय, म्हणजे एकत्र येणे, हेच चांगले. लोकांनी एकमेकांचा धम्म ऐकावा आणि बहुश्रुत व्हावे.

येथे एक बारकावा आहे, तो वकिली पेशामुळे आमच्या नजरेत भरतो. राजा बोलण्यावर बंदी घालत नाही. स्वतःच्या मताची स्तुती करू नका, असे तो सरसकट सांगत नाही, तर प्रसंग आणि प्रमाण यांची अट घालतो. आजच्या भाषेत सांगायचे तर तो अभिव्यक्तीवर वाजवी निर्बंध सुचवतो आणि त्यांची अंमलबजावणी शिक्षेऐवजी ऐकणाऱ्याच्या विवेकाकडे सोपवतो. या कामासाठी त्याने धम्ममहामात्र नावाचे अधिकारी नेमले होते. एका स्तंभलेखात तो सांगतो की हे अधिकारी संघाकडे, ब्राह्मणांकडे, आजीविकांकडे आणि निर्ग्रंथांकडेही लक्ष देतात. म्हणजे राज्याचा अधिकारी एका पंथाचा नव्हे, सर्वांचा.

अशोकाला आजच्या अर्थाने धर्मनिरपेक्ष ठरवण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. तो उघडपणे बौद्ध उपासक होता. बैराटच्या लेखात तो संघाला अभिवादन करून बुद्ध, धम्म आणि संघ यांवरील आपली श्रद्धा सांगतो. लुंबिनीला त्याने करात सवलत दिली, कारण तेथे शाक्यमुनी जन्मले. सारनाथ, सांची आणि कौशांबी येथील लेखांत संघात फूट पाडणाऱ्या भिक्षूला पांढरी वस्त्रे नेसवून बाहेर काढण्याची आज्ञा आहे; धर्मसंस्थेच्या अंतर्गत कारभारातील तो राज्याचा हस्तक्षेपच होय. पहिल्या लेखात त्याने पशुबळी आणि काही प्रकारचे उत्सवी मेळावे निषिद्ध ठरवले, ते ज्यांच्या परंपरेचा भाग होते त्यांना ते रुचले नसणार. कलिंगयुद्धाचा पश्चात्ताप सांगणाऱ्या तेराव्या लेखातच तो अरण्यवासी लोकांना राज्याच्या शक्तीची जाणीवही करून देतो. हे सारे मान्य केले तरी एक गोष्ट उरते. संघाला उद्देशून लिहिताना तो बौद्ध म्हणून बोलतो. सर्व प्रजेला उद्देशून लिहिताना बौद्ध होण्याचा आग्रह कोठेही धरत नाही. मातापित्यांची सेवा, दासांशी व सेवकांशी नीट वर्तन, ब्राह्मण आणि श्रमण यांना दान, प्राण्यांची अहिंसा, एवढीच त्याच्या धम्माची सार्वजनिक यादी आहे. वैयक्तिक श्रद्धा आणि सार्वजनिक नीती यांच्यातील ही सीमारेषा तेवीसशे वर्षांपूर्वी दगडावर ओढली गेली, हे नवल आहे.

भाषेच्या अंगानेही या लेखांकडे पाहिले पाहिजे. ते त्या त्या प्रदेशाच्या वळणाने लिहिलेले आहेत. पूर्वेकडील लेखांत ‘राजा’चा ‘लाजा’ होतो, गिरनारला ‘र’ टिकून राहतो. वायव्येकडे शाहबाजगढीला लिपी खरोष्ठी आहे. कंदाहारला तर ग्रीक आणि अरमाईक भाषा वापरल्या आहेत, कारण तेथील लोकांना त्या समजत होत्या. १९६० च्या दशकात कंदाहारला जो ग्रीक लेख सापडला त्यात बाराव्या लेखाचा शेवट आणि तेराव्याचा आरंभ आहे. त्या अनामिक भाषांतरकाराने ‘पासंड’साठी ‘दियात्रिबे’ हा शब्द योजला. ग्रीकांमध्ये तो तत्त्वज्ञांच्या शाखेला, गुरूभोवती जमलेल्या विद्यार्थिवर्गाला लावला जाई. वाचासंयमासाठी त्याने थेट जिभेचा उल्लेख केला : जो जिभेवर ताबा ठेवतो तोच खरा आत्मसंयमी. अनेक भाषांप्रमाणे ग्रीकमध्येही जीभ आणि भाषा यांना एकच शब्द आहे. पुढे हाच ‘दियात्रिबे’ इंग्रजीत गेला आणि आज ‘डायट्राइब’ म्हणजे कडवट, झोडपून काढणारे भाषण. संयम शिकवणाऱ्या लेखातील शब्द एका दिशेला शिवीगाळीच्या अर्थाला पोहोचला. दुसऱ्या दिशेला, आपल्याकडे, त्याच्या मूळ प्राकृत शब्दाचे काय झाले ते पाहू.

त्याआधी दख्खनची स्थिती थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण घसरण एका रात्रीत झाली नाही. सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या लेखाचा तुकडा सापडला, म्हणजे कोकणच्या किनाऱ्यापर्यंत हे लेख पोहोचले होते. पुढे सातवाहनांच्या काळात नाणेघाटातील लेख वैदिक यज्ञांची आणि दक्षिणांची मोठी यादी देतो, तर नाशिकची लेणी बौद्ध भिक्षूंना मिळालेल्या दानांची. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात हा देव-ब्राह्मणांना सोळा गावे दिल्याचे आणि दरवर्षी लक्ष ब्राह्मणांना भोजन घातल्याचे अभिमानाने सांगतो, आणि त्याच लेखात त्रिरश्मी डोंगरावर हे लेणे कोरवल्याचेही सांगतो. भिक्षूंच्या चीवरासाठी त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे २००० आणि १००० कार्षापण व्याजाने ठेवले. गौतमी बलश्रीचा लेख तर अधिक बोलका आहे. आपल्या पुत्राला, गौतमीपुत्र सातकर्णीला, ती अद्वितीय ब्राह्मण आणि वर्णसंकर थांबवणारा म्हणून गौरवते, आणि हा गौरव ज्या लेण्यात कोरला आहे ते लेणे बौद्ध भिक्षुसंघाला दिलेले आहे.

आमच्या सीमाभागाचे उदाहरण द्यायचे तर खानापूर तालुक्यातील हलशीचे देता येईल. कदंबांच्या ताम्रपटांत हिचे नाव पलाशिका. कदंब घराणे स्वतःला मानव्य गोत्राचे ब्राह्मण म्हणवी. पण मृगेशवर्म्याने पाचव्या शतकात येथे जिनालय बांधले आणि यापनीय, निर्ग्रंथ व कूर्चक या जैन संघांना भूमी दिली. या ताम्रपटांची भाषा संस्कृत आहे, सन्नतीच्या शिळेची प्राकृत. दोन्ही ठिकाणी आजची मराठी नाही आणि आजची कानडीही नाही. प्राचीन दगड आपापल्या बाजूने ओढण्यासाठी जे आतुर असतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा त्याच निर्णयात पाली आणि प्राकृत यांनाही तो मिळाला. या तिघींचा योग आम्हांला शुभ वाटतो. कारण मराठीचे प्राचीनत्व सिद्ध करताना ज्या शिलालेखांची साक्ष काढली जाते, त्यांतील फार मोठा वाटा लेण्यांत राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेल्या अक्षरांचा आहे. ‘लेणे’ हा आपला रोजचा शब्दही त्या लेखांतूनच आलेला. तेथे तो ‘लेण’ असा भेटतो.

आता घसरणीकडे वळू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगररचना सांगताना पाषंड आणि चांडाळ यांची वस्ती स्मशानाच्या कडेला असावी, असे म्हटले आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाषंडींचा सत्कार केवळ शब्दानेही करू नये, असा गृहस्थाला उपदेश आहे. नवव्या अध्यायात राजाने जुगारी, क्रूर इत्यादींबरोबर पाषंडमार्गी लोकांनाही नगरातून तत्काळ हाकलून द्यावे, असा नियम आहे. अशोकाचा बारावा लेख आणि मनूचे हे दोन श्लोक शेजारी ठेवून वाचावेत. एकीकडे वाणीने मान द्या, दुसरीकडे वाणीनेही मान देऊ नका. एकीकडे सर्व पासंडांनी सर्वत्र वसावे ही सातव्या लेखातील इच्छा, दुसरीकडे त्यांना गावाबाहेर काढण्याचा राजधर्म. शब्द तोच आहे, त्याच्याकडे पाहणारे राज्य बदलले आहे. पुराणांत पाषंड म्हणजे वेदबाह्य, मोहात पाडणारा. आणि मराठीत येईपर्यंत ‘पाखंड’ म्हणजे ढोंग आणि ‘पाखंडी’ म्हणजे ढोंगी किंवा नास्तिक. मूळचा पंथवाचक अर्थ पुसला गेला.

राजाच्या बिरुदाचीही तीच गत झाली. ‘देवानांप्रिय’ या शब्दाचा अर्थ देवांना प्रिय असलेला. सतराव्या शतकातील भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धांतकौमुदीत मात्र तो मूर्ख या अर्थाने नोंदलेला आढळतो. १९१५ साली त्या वेळच्या हैदराबाद संस्थानातील मस्की येथे जो लेख सापडला, त्यात ‘देवानांप्रिय’ या बिरुदाबरोबर ‘अशोक’ हे नाव पहिल्यांदा वाचायला मिळाले. तोवर या बिरुदाचा धनी कोण याविषयी केवळ ग्रंथांच्या आधारे अनुमान केले जात होते. ज्याचे चक्र आज आपल्या राष्ट्रध्वजावर आहे त्याचे नाव आपण इतके विसरलो होतो. नाशिकच्या लेण्यांना लोक ‘पांडवलेणी’ म्हणू लागले, यातही तीच विस्मृती आहे.

हे सांगताना एकेरी चित्र रंगवणे अन्यायाचे होईल. ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाच्या हातातील मोडका दात हा खंडन झालेल्या बौद्धमताचा संकेत म्हणून येतो, हे खरे. पण त्याच वारकरी परंपरेतील संतांनी विठ्ठलाला बौद्धावतार मानले, हेही खरे. लोकमनाने ज्याला दारातून बाहेर काढले त्याला खिडकीतून आत घेतले. तरीही भाषेत ‘पाखंडी’ उरला तो शिवी म्हणूनच. गयेजवळच्या बराबर टेकडीवरील लेण्यांचेही असेच झाले. अशोकाने आपल्या राज्याभिषेकाच्या बाराव्या वर्षी ती आजीविकांना दिली. स्वतः बौद्ध असूनही दुसऱ्या पंथाला दिली. पुढे कोणीतरी त्या परिसरातील लेखांत कित्येक ठिकाणी ‘आजीविक’ हा शब्द छिन्नीने खरवडला. दान राहिले, दगड राहिला, दान घेणाऱ्याचे नाव खरवडले गेले. आमच्या भागात दुकानाच्या, गावाच्या, शाळेच्या फलकावरील अक्षरांना डांबर फासलेले ज्याने पाहिले आहे, त्याला त्या छिन्नीची जात वेगळी समजावून सांगायला नको.

येथून आम्ही आधुनिक काळात येतो. मधल्या शतकांची दरी मोठी आहे, पण प्रश्न तोच आहे : माणसाने कोणता पंथ मानावा याच्याशी राज्याचा संबंध किती? संविधानाने याचे उत्तर अनुच्छेद २५ ते २८ मध्ये दिले. प्रत्येकाला विवेकाचे आणि धर्म मानण्याचे, आचरण्याचे, प्रसाराचे स्वातंत्र्य. मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन. विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कोणावर कर नाही. पूर्णपणे सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. उषवदाताने दोन्हीकडे दान दिले. प्रजासत्ताकाने दान देण्याची ती भूमिकाच सोडून दिली आणि समान अंतर राखण्याचे ठरवले. १९९४ साली बोम्मई खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने धर्मनिरपेक्षता हे संविधानाचे मूलभूत वैशिष्ट्य असल्याचे सांगितले. खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते कर्नाटकचे मुख्यमंत्री होते, ही गोष्ट सीमेच्या दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पण संविधान आणि त्याखालचा आदेश यांत फरक पडू शकतो, आणि तो सर्वांत जास्त बौद्धांनी सोसला. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदूखेरीज अन्य धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा समजू नये, असे ठरवले. शिखांचा त्यात पूर्ण समावेश १९५६ साली झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचना अमलात आली. आम्ही सीमावासी तो दिवस काळा दिन म्हणून पाळतो, कारण त्या दिवशी बेळगाव, कारवार आणि बिदरकडील मराठी भाग मुंबई व हैदराबाद राज्यांतून म्हैसूर राज्यात गेला. या दोन तारखा एकत्र वाचण्याची सवय मात्र आम्हांला नाही. सीमाभागातील ज्या मराठी माणसाने त्या काळात धम्मदीक्षा घेतली, तो थोड्या अवधीत धर्माने अल्पसंख्य झाला आणि भाषेनेही. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन होताच त्या सरकारने नवबौद्धांना राज्याच्या अखत्यारीतील सवलती दिल्या. पण त्या महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. सीमेपलीकडच्या बौद्धाला तो निर्णय वर्तमानपत्रात वाचावा लागला.

केंद्राच्या पातळीवरची अडचण तर सर्वांनाच होती. पंजाबराव विरुद्ध डॉ. डी. पी. मेश्राम या खटल्यात १९६२ सालची नागपूरच्या राखीव जागेवरील निवड आव्हानित झाली. निवडून आलेल्या उमेदवाराने बौद्ध धम्म स्वीकारला आहे, असा आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने धर्म ‘मानणे’ या क्रियापदाचा अर्थ धर्माची जाहीर घोषणा करणे असा केला, अशी घोषणा झाली होती असा निष्कर्ष काढला आणि निवड रद्द ठरवली. अनुच्छेद २५ मधील स्पष्टीकरणात हिंदू शब्दात बौद्धांचा समावेश आहे, हा युक्तिवाद आदेशाच्या अर्थासाठी मान्य झाला नाही. शब्दार्थाच्या अंगाने या निकालाला दोष देणे अवघड आहे. पण त्याचा परिणाम पाहा : संविधान जे जाहीरपणे करण्याचे स्वातंत्र्य देते, तेच जाहीरपणे केल्याबद्दल माणूस संरक्षण गमावतो. अस्पृश्यतेचा डाग समाज धर्म बदलल्याने पुसत नव्हता, सवलत मात्र पुसली जात होती. हा दोष १९९० साली संसदेने कायदा करून दूर केला आणि आदेशात बौद्ध हा शब्द आला. दीक्षेपासून चौतीस वर्षे त्यासाठी लागली. एका शब्दाच्या अभावी एका पिढीचे शिक्षण आणि नोकऱ्या गेल्या, हे आकडे न देताही समजण्यासारखे आहे.

आता या सर्वांचा आमच्या भाषिक लढ्याशी संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध कायद्यातच लिहिलेला आहे. अनुच्छेद ३० धर्माने आणि भाषेने अल्पसंख्य असणाऱ्यांना एकाच वाक्यात शिक्षणसंस्थांचा हक्क देतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३ धर्म, जात यांच्याबरोबर भाषेच्या आधारे मत मागण्यास भ्रष्ट आचार ठरवते. भारतीय न्याय संहितेचे कलम १९६, म्हणजे पूर्वीचे कलम १५३अ, धर्मावरून पसरवलेल्या वैराप्रमाणेच भाषेवरून पसरवलेल्या वैरालाही गुन्हा मानते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने भाषा आणि धर्म ही सख्खी भावंडे आहेत. आणि १९६४ साली जगदेवसिंह सिद्धांती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जी रेषा आखली ती तर आम्हां सीमावासीयांनी पाठ केली पाहिजे. पंजाबातील हिंदी आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर लढवलेल्या त्या निवडणुकीत भाषेचा आणि ओम् ध्वजाचा वापर झाल्याचा आक्षेप होता. न्यायालय म्हणाले की अनुच्छेद २९ प्रमाणे भाषा जतन करण्याच्या हक्कात त्यासाठी चळवळ करण्याचा हक्कही येतो. तसे वचन मतदारांना देणे हा भ्रष्ट आचार नव्हे. २०१७ साली अभिराम सिंह खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने मतदाराचा धर्म वा भाषा यांचा हवाला देऊन मत मागणेही निषिद्ध मानले, तेव्हा ही रेषा अधिक काटेकोर झाली. आपल्या भाषेचे रक्षण करणे वेगळे, आणि दुसऱ्याच्या भाषेविरुद्ध लोकांना पेटवणे वेगळे. बाराव्या लेखातील वचगुति आणि हे निकाल यांत आम्हांला एकच विवेक दिसतो.

म्हणून दोन गोष्टी आम्ही स्वतःला आणि आमच्या सहकाऱ्यांना सांगू इच्छितो. पहिली : कानडीची निंदा केल्याने मराठीचे एक अक्षरही वाढत नाही. आम्हांला आमची कागदपत्रे, आमचे फलक, आमच्या मुलांच्या शाळा आमच्या भाषेत हव्यात. तो हक्क आहे आणि तो आम्ही न्यायालयात तसेच रस्त्यावर मागत राहू. जत किंवा अक्कलकोट भागातील कानडी माणसाचा हाच हक्क आम्ही मान्य केला नाही, तर आमच्या अर्जातील कलमे आम्हीच खोडून टाकल्यासारखे होईल.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे, कारण ती आमच्या व्यासपीठाची आहे. मराठीच्या सभेत अनेकदा एकाच धर्माची प्रतीके, एकाच धर्माचे जयघोष असतात. ते उच्चारणाऱ्यांच्या मनात दुजाभाव असतोच असे नाही; सन्नतीच्या दगडात खाच पाडणाऱ्याच्या मनातही तो बहुधा नव्हता. पण खाचेत अक्षरे जातात. सीमाभागात मराठी बोलणारा बौद्ध आहे, जैन आहे, लिंगायत आहे, मुसलमान आहे, ख्रिस्ती आहे. भाषेच्या घरात तो पाहुणा नाही, मालक आहे. त्याला व्यासपीठाखाली उभे राहून आपला धर्म क्षणभर विसरावा लागत असेल, तर ‘पासंड’चा ‘पाखंड’ करण्याचे काम आपण अजूनही करत आहोत. धर्माला सार्वजनिक जीवनातून हद्दपार करावे, असे आमचे म्हणणे नाही. अशोकाने तसे केले नव्हते, संविधानानेही केलेले नाही. धर्माने सार्वजनिक जागेत यावे, पण दुसऱ्याची जागा न खाता यावे, एवढेच.

सन्नतीला जाणाऱ्या वाचकांनी चंद्रलांबेचे दर्शन जरूर घ्यावे, आणि मग तेथून जवळच असलेल्या कनगनहळ्ळीच्या स्तूपाचे अवशेषही पाहावेत. तेथील एका शिल्पपटावर राजा आणि राणी उभी आहेत आणि ब्राह्मीत ‘राया अशोक’ असे नाव कोरलेले आहे. ‘राया’ हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, कानडी माणसालाही नाही.